त्रिमूर्ती मंडपाचं व्याज

सरळव्याज मी एकतीस वर्षं शिकवलं. 'अ'ने 'ब'ला दोन लाख रुपये दरसाल दरशेकडा बारा दराने दिले, तर वर्षाअखेरीस 'अ'ला व्याज किती? हे गणित मी झोपेतसुद्धा सोडवू शकतो असं मी अभिमानाने सांगत असतो. अक्षदाच्या आईचं म्हणणं, मी ते झोपेतच शिकवायचो आणि पोरं झोपेतच उतरवून घ्यायची. ते असू द्या. पण एकतीस वर्षांत एकाही पोराने हात वर करून विचारलं नाही, की सर, 'अ' स्वतःच 'ब'मध्ये भागीदार असला तर? आणि 'ब' म्हणतो दिलं, 'अ' म्हणतो मिळालंच नाही, तर उत्तर काय लिहायचं? हा प्रश्न मला निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी आयकर खात्याने विचारला.

'त्रिमूर्ती मंडप आणि भांडी भांडार' ही आमची राजुरीतली फर्म. मंडप, खुर्च्या, पातेली, जनरेटर, सगळं भाड्याने. त्यातली पहिली मूर्ती चांगदेव हाडवळे. शाळेत हा माझ्या शेजारी बसून माझी गणितं उतरवायचा आणि तरी माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त घ्यायचा. खांब रोवण्यापासून पातेली मोजून घेण्यापर्यंत सगळे कष्ट त्याचे. दुसरी मूर्ती कन्हैयालालशेठ, कापडदुकानवाले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ हुरड्याला आमच्या आधी शेतात हजर असतात. वह्या त्यांच्याकडे. तिसरी मूर्ती मी. माझं काम फर्मला वजन देणं. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जनरेटर घ्यायचा होता, तेव्हा मी माझ्या निवृत्तीच्या पैशांतले दोन लाख फर्मला कर्जाऊ दिले. मला त्याची फार गंमत वाटली. फर्म माझी, कर्ज माझं, व्याज देणारा मी आणि घेणाराही मीच. माणूस स्वतःचाच सावकार कसा होऊ शकतो, यावर मी त्या आठवड्यात बराच विचार केला. त्यानंतर आमच्या लेकीचं, अक्षदाचं, लग्न ठरलं आणि विचार करायला सवड उरली नाही.

ऑगस्टातल्या एका सकाळी मी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मोबाईल वाजला. आयकर खात्याचा निरोप होता, की तुम्ही भरलेलं विवरणपत्र आणि आमच्याकडची माहिती यांत तफावत आहे. तफावत! हा शब्द आजवर मी इतरांच्या वह्यांवर लाल शाईने लिहिला होता. मी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, गावात सगळ्यांच्या आधी, स्वतःच्या हाताने विवरणपत्र भरणारा माणूस. पेन्शनचा आकडा टाकायचा, बँकेचं व्याज टाकायचं, बटण दाबायचं आणि मग चार दिवस "भरलं का?" असं ज्याला त्याला विचारत फिरायचं, हा माझा उन्हाळ्याचा शेवटचा कार्यक्रम. त्या फॉर्मचं नावच 'सहज' आहे. तो चुकवायला विशेष बुद्धी लागते अशी माझी समजूत होती.

शेजारचे सावळेराम तेवढ्यात कुंपणाशी आले. सावळेराम पोस्टातून निवृत्त झाले, त्यामुळे केंद्र सरकारचं जे काही असेल ते आपल्या घरचंच असं ते मानतात.

"सर, आदी मोबाईल बंद करा," ते म्हणाले. "सेंटर गव्हर्मेंट मी आतनं बघितलंय. निरोप पोचलाच न्हाई म्हणायचं."

"अहो, पण तो पोचलाय. मी वाचला."

"वाचायचा नसतोय! बरं, घरात सोनं किती हाय? पावण्यांकडं ठिवा."

घरात सोनं किती आहे हे मला त्याच क्षणी अक्षदाच्या आईच्या चेहऱ्यावरून कळलं. लग्नानंतर ते सगळं पावण्यांकडेच होतं.

संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो तर लोक माझ्याकडे नव्याच आदराने पाहत होते. सावळेरामांनी दुपारभरात निरोपाची धाड केली होती. एकाने किटली बाजूला ठेवून मला हळूच विचारलं, "सर, लाखभर मिळत्याल का? मिरच्या निघाल्या की देतो." मी म्हटलं, माझ्याकडे कुठले आले? तर तो म्हणाला, "आसं कसं? पैसं नसल्यावर इन्कमटॅक्सवालं कशाला येत्याल?" जन्मभर प्रामाणिकपणाने जी पत मिळाली नाही, ती एका संशयाने मिळाली. मला त्याचं वाईट वाटलं आणि, खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आळेफाट्याला रिद्धीकडे गेलो. रिद्धी ही कन्हैयालालशेठची मुलगी. खताच्या दुकानावरच्या माडीवर तिचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. आठवीत असताना तिच्या प्रगतिपुस्तकावर मी 'गणितात लक्ष नाही' असा शेरा मारला होता. तो तिला आठवत असेल का, एवढीच उत्सुकता मला जिना चढताना होती.

"बसा सर," ती म्हणाली. "पासवर्ड?"

पासवर्ड मला आठवत नव्हता. नवा घ्यायचा तर ओटीपी अक्षदाच्या मोबाईलवर जायचा, कारण खातं तिने उघडून दिलं होतं. अक्षदा चाकणला कंपनीत कामाला, आणि मोबाईल लॉकरमध्ये ठेवूनच तिला आत सोडतात. ओटीपी दहा मिनिटांत मरतो, तिची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. मी खाली जाऊन दोन चहा घेतले. एका शेतकऱ्याला खताच्या गोणीवरचे टक्के समजावून दिले. शेवटी एक वाजून पाच मिनिटांनी अक्षदाने फोनवर सहा आकडे सांगितले आणि रिद्धीने खातं उघडलं.

"हे बघा. त्रिमूर्ती फर्मने तुम्हाला चोवीस हजार व्याज दिलंय. त्यातून दहा टक्के, म्हणजे चोवीसशे, कर कापून सरकारकडे भरलाय. भागीदाराच्या व्याजावरही आता कर कापावा लागतो. तुम्ही हे व्याज विवरणपत्रात दाखवलंच नाही."

"मिळालं नाही, तर दाखवू कुठून?"

"आणि 'सहज' फॉर्म तुम्हाला चालत नाही, सर. फर्मकडून भागीदाराला मिळणारं व्याज हे धंद्याचं उत्पन्न धरतात. तुमचा फॉर्म वेगळा. तुम्ही आता व्यावसायिक आहात."

मी! ज्याने शाळेत नफा-तोट्याची गणितंसुद्धा जरा नाक मुरडूनच शिकवली, तो मी व्यावसायिक! मग मला कुतूहल वाटलं आणि मी विचारलं, की फर्मने उद्या नफा वाटला तर? ती म्हणाली, नफ्यातल्या वाट्यावर भागीदाराला कर नाही, कारण त्यावर फर्मने आधीच भरलेला असतो. व्याज मात्र फर्म खर्चात धरते, म्हणून ते घेणाऱ्याने दाखवायचं. एकाच खिशातून एकाच खिशात जाणारा पैसा, पण नाव बदललं की फॉर्म बदलतो. मला हे इतकं आवडलं की मी वहीचं पान मागून तिथेच आकृती काढली. रिद्धी माझ्याकडे पाहत होती. "सर, आज गणितात लक्ष आहे तुमचं," ती म्हणाली. म्हणजे शेरा आठवत होता.

"दंड किती होईल?" मी विचारलं.

"काहीच नाही. तुमची पेन्शन करपात्र मर्यादेच्या आतच आहे. सुधारित विवरणपत्र भरलं की उलट हे चोवीसशे तुम्हाला परत मिळतील."

दुसरा कुणी असता तर तिथेच पेढे मागवले असते. पण मी आकृतीचं पान बाजूला सारलं. जे व्याज मला मिळालंच नाही, ते मिळालं असं लिहून, त्यावरचा कर मी सरकारकडून परत घ्यायचा? याला काय म्हणतात ते मी पोरांना मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकवलेलं आहे. मी म्हटलं, आधी व्याज कुठे गेलं ते कळू दे, मग मी सही करीन. रिद्धीने वडिलांना फोन लावला. शेठनी वही उघडून वाचून दाखवलं, "सात फेब्रुवारी. औटी सरांना व्याज, एकवीस हजार सहाशे रोख. हस्ते चांगदेव."

"पप्पा, दहा हजारांच्या वर खर्च रोखीने द्यायचा नाही, किती वेळा सांगितलं?" रिद्धी म्हणाली. शेठना तिकडे एकाएकी गिऱ्हाईक आलं आणि फोन बंद झाला.

हस्ते चांगदेव. मी जिना उतरलो ते हे दोन शब्द घेऊनच. सात फेब्रुवारी म्हणजे अक्षदाच्या लग्नाचा दिवस. त्या दिवशी चांगदेव माझ्याच दारात मंडपाच्या खांबांशी होता. पैसे द्यायचे तर तिथे दहा पावलांवर मी उभा होतो, फेटा बांधून, ज्याला त्याला "जेवून जा" म्हणत. त्याने दिले नाहीत. आठवणीची मी उलटतपासणी घेतली, बेरीज पुन्हा पुन्हा केली, उत्तर तेच आलं. आता वाटतं, त्या वेळी मी घरी जाऊन एक ग्लास पाणी पिऊन झोपायला हवं होतं. पण समोर एसटी उभी होती आणि चांगदेव त्या दिवशी पेठ गावाला साखरपुड्याचा मंडप घालत होता.

पेठेला पोचलो तेव्हा मंडप अर्धा उभा होता. चांगदेव शिडीवर, दातांत सुतळी. खाली नवऱ्या मुलीचे वडील, आचारी आणि फुकटचे सल्लागार असे दहा-बारा जण. मला पाहून तो हसला. "भगवंता, तू कसा काय? ये, च्या घे."

मी चहा घेतला नाही. मी शिक्षकाच्या आवाजात, म्हणजे मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा बेताने बोललो. "चांगदेव, फर्मच्या वहीत माझ्या नावावर एकवीस हजार सहाशे लिहिलेत. हस्ते तू. ते पैसे कुठे आहेत?"

सुतळी त्याच्या दातांतून खाली पडली. आचाऱ्याने झारा थांबवला.

"दिलं की. लग्नातच दिलं."

"मला दिले नाहीस. माझ्या नावावर सरकारने कर कापला. कागदावर मला व्याज मिळालं. मग पैसे कुणाला मिळाले?"

नवऱ्या मुलीच्या वडलांनी माझ्याकडे पाहिलं, मग चांगदेवकडे पाहिलं, आणि मग आपण दिलेल्या आगाऊ रकमेचा विचार केल्यासारखे ते खिशाला हात लावून उभे राहिले. ते चांगदेवनेही पाहिलं. तो शिडीवरून खाली उतरला नाही, ओरडला नाही.

"सर," तो म्हणाला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तो मला सर म्हणाला. "घरी इचारा. आता काम हाय मला."

आणि त्याने पाठ फिरवून गाठ मारली. परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही.

घरी येऊन मी अक्षदाच्या आईला विचारलं, की चांगदेवने लग्नात तुझ्याकडे काही पैसे दिले होते का? ती म्हणाली, "माझ्याकडं कशाला? आहेर केला की त्यांनी. केवढा मोठा! विसरलात?"

आहेर विसरलो नव्हतो, नेमका आकडा तेवढा विसरलो होतो. आहेराची वही लग्नानंतर आम्ही दोघांनी तीनदा वाचली होती. कोणी किती केला, आपण त्यांना मागे किती केला होता, पुढे किती करायचा, याचं शास्त्र आमच्याकडे फार पक्कं आहे. आलेला आहेर तेवढाच परत करत नाहीत, वर थोडा टाकतात. चांगदेवचा आकडा पाहून तेव्हा आम्हा दोघांनाही भरून आलं होतं. मेमध्ये त्याच्या मुलाने, समर्थने, मढला, माळशेजच्या रस्त्यावर, उतरणाऱ्यांसाठी चार खोल्या बांधल्या. वास्तुशांतीला आम्ही गेलो तेव्हा काळजावर दगड ठेवून पंचवीस हजार एकचं पाकीट केलं होतं.

"वही काढ," मी म्हणालो.

तिने कपाटातून वही काढली. माझ्या मेव्हण्याचं ठसठशीत अक्षर. पान सातवं. चांगदेव हाडवळे, रुपये एकवीस हजार सहाशे एक.

मी खाली बसलो. आमच्याकडे आहेर पाचशे एक असतो, अकराशे एक असतो, फार झालं तर अकरा हजार एक. एकवीस हजार सहाशे एक हा आकडा कुठल्या प्रेमातून येतो? हे त्या वेळी गणिताच्या मास्तराच्या डोक्यात आलं नाही. चोवीस हजारांचे दहा टक्के चोवीसशे. वजा केले की एकवीस हजार सहाशे. आठवीचं गणित. माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. मी पाहुण्यांच्या गराड्यात. चांगदेवच्या हातात फर्मचं पाकीट. तो ते दारातल्या टेबलावर माझ्या मेव्हण्याकडे देतो, सरांकडं द्या म्हणतो. लग्नातल्या टेबलावर जे पाकीट येतं ते फोडून मोजतात आणि वहीत लिहितात, त्याला दुसरा नियम नाही. आणि लग्नघरी शून्यावर संपणारी रक्कम कशी न्यायची, म्हणून चांगदेवने पदरचा एक रुपया आत टाकला होता.

व्याज मला मिळालं होतं. मी त्यातून मांडवाखालच्या आचाऱ्याचं बिल भागवलं होतं. आणि ज्याने ते आणून दिलं, त्याला मी परक्या गावात, परक्या माणसांसमोर चोर म्हणून आलो होतो. मला माझीच इतकी लाज वाटली की मी वही मिटून कितीतरी वेळ तशीच मांडीवर धरून बसलो. अक्षदाच्या आईला सगळं सांगितलं.

सकाळी मी आहेराची वही पिशवीत घालून चांगदेवच्या मळ्यातल्या घरी गेलो. वाटेत सावळेराम भेटले. "सर, वह्या लपवाया चाललात? चांगलं केलंत," असं म्हणून त्यांनी मला डोळा मारला.

दार सारजाबाईंनी, चांगदेवच्या बायकोने, उघडलं. एरवी त्या मला पाहिल्यावर आधी पाणी आणतात. आज नुसतं "हायती आत" म्हणाल्या. चांगदेव पातेल्यांची यादी तपासत बसला होता. मान वर केली नाही.

"पेठवाल्यांनी काय केलं?" मी विचारलं.

"आगाऊ पैसं परत मागितलं. मी शेठला फोन लावून दिला, तवा कुठं गप झालं."

मी सातवं पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. तो वाचायला लागला. 'चांगदेव हाडवळे'वर त्याचं बोट थांबलं. मग आकड्यावर गेलं. शेवटच्या 'एक'पर्यंत गेलं. आणि हा माणूस खांदे हलवत हसायला लागला.

"आयला! ह्ये आहेरात लिवलं? वर्स संपाया दोन महिनं व्हतं, पण लग्नात पैसा लागतोय म्हणून मी शेठकडनं आदी काढून घेतलं रं! आन् तुमी आहेर म्हणून घेतलं?"

"घेतलं. आणि परत पण केला, वाढवून. मढला. पंचवीस हजार एक." मग मला पुढचं बोलावंच लागलं, कारण ते बोलायलाच मी गेलो होतो. "चांगदेव, चुकलं माझं. काल मी बोललो ते मी बोलायला नको होतं. मी पेठेला जाऊन त्या लोकांनाही सांगेन."

त्याने यादी बाजूला ठेवली. मग उठला आणि फळीवरच्या डब्यातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. फर्मची पावती होती, मे महिन्याची, शेठच्या सहीची. श्री. भगवंत औटी यांचे कर्ज खाती जमा, रुपये पंचवीस हजार.

"त्ये पाकीट फोडलं तवा सारजाला म्हटलं, ह्या मास्तरला याड लागलंय का? आत्ताच लेकीचं लग्न केलंय, पेन्शनीवर घर चालतंय, आन् वास्तुशांतीला पंचवीस हजार? परत द्यावं तर तू घेनार न्हाईस. म्हणून तुज्याच खात्यावर टाकलं. रोख न्हाई, रिद्धीनं बँकेतनंच पाठवाया लावलं. वर्साखेरीला सांगनार व्हतो."

ज्याच्यावर माझे पैसे खाल्ल्याचा आरोप मी केला, त्याने माझे पैसे माझ्याच नावावर ठेवले होते, आणि काल शिडीवर उभं राहून, एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं तरी तो ते बोलला नव्हता.

"काल सांगायचंस की," मी कसंबसं म्हणालो.

"धा मान्सात? तुजी काय शोभा राहिली आसती, भगवंता?"

सर नाही. भगवंता. सारजाबाई पाणी घेऊन आल्या.

"आणि वरचा एक रुपया?" मी पाणी पिऊन विचारलं. मास्तरकी सुटत नाही. "पावती पंचवीस हजारांची आहे."

"त्यो आहेर की! त्यो देवापाशी ठिवलाय."

आळेफाट्याला जाऊन मी सुधारित विवरणपत्रावर सही केली. धंद्याचे उत्पन्न, चोवीस हजार. रिद्धीने बटण दाबता दाबता सांगितलं, की पुढच्या वेळी आकडा वाढेल, नव्या कर्जाचं मेपासून अकरा महिन्यांचं व्याज धरावं लागेल. मी मनातल्या मनात सांगितलं, सव्वीस हजार सातशे पन्नास. ती म्हणाली, बरोबर. परत येताना पेठेला उतरून मी त्या नवऱ्या मुलीच्या वडलांना, आचाऱ्यासमोरच, सगळं गणित पायरीपायरीने समजावून सांगितलं. त्यांना 'सहज' फॉर्मपर्यंतच समजलं, पण चांगदेव चांगला माणूस आहे एवढं पटलं.

घरी आल्यावर मी लाल शाईचं पेन काढलं आणि आहेराच्या वहीचं सातवं पान उघडलं. एकवीस हजार सहाशे एकवर आडवी रेघ मारली. पुढे लिहिलं, रुपये एक. अडीचशे नोंदींत एवढा लहान आहेर कुणाचाच नव्हता.

अक्षदाची आई खांद्यावरून वाचत होती. "म्हणजे त्यांनी आपल्याला एक केला, आपण त्यांना एक केला. फिटलं. मग पुढं समर्थचं लग्न निघेल, तेव्हा आपण किती करायचा?"

"वर थोडा टाकून," मी म्हणालो. "दोन रुपये?"

"दोनवर कुणी आहेर संपवतं का? अकरा करा," ती म्हणाली. "आणि चेकनं द्या."